मानेवरची गाठ, दंडावरची लस

रमजानचा तिसरा रोजा होता. असरची नमाज झाली होती. भज्यांसाठी डाळ वाटून ठेवली होती, फळं चिरायची बाकी होती. एवढ्यात मुलगी नातवाला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अम्मी, जरा इथं हात लावून बघा," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

नातू सव्वादोन वर्षांचा. त्याच्या कानामागे, थोडं खाली मानेकडे, हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली. दाबली की सरकायची आणि तो कण्हायचा. गाठ हा शब्दच असा आहे, की तो उच्चारला की घर गप्प होतं. मुलीच्या मनात काय आलं ते मला कळलं, माझ्या मनात काय आलं ते तिला. बोलून मात्र कुणीच दाखवलं नाही.

शेजारच्या काकू आमचा डबा परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, अवधाण आलंय त्याला. डोक्यात फोड झालाय का बघ." केस बाजूला केले, तर कानाच्या वर खरंच एक पिकलेला फोड होता. अवधाण! किती वर्षांनी हा शब्द ऐकला. माझी आई खुलताबादची. पायाला काटा लागून पिकला आणि जांघेत दुखायला लागलं, की तीही हेच म्हणायची. जखम एकीकडे आणि सूज दुसरीकडे, याला आपल्या आयाबायांनी कधीच नाव देऊन ठेवलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी आम्ही घाटीत गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी गाठ तपासली, फोड पाहिला, औषध लिहून दिलं आणि मला म्हणाले, "मावशी, ही गाठ म्हणजे आजार नाही. आजाराशी शरीराचं काम चाललंय, त्याची ही खूण आहे." मग त्यांनी नातवाचं लसीकरणाचं कार्ड मागितलं. ते उलटून पाहिलं आणि विचारलं, "गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय का?"

राहिला होता. पहिल्या डोसनंतर बाळाला दोन दिवस ताप आला, रात्री जागून काढाव्या लागल्या. नंतर घरातल्या मोबाइलवर कुठूनसा एक आवाजी निरोप आला, की या सुयांपासून मुलांना जपा. "पुढचं नंतर बघू" असं कुणीतरी म्हणालं आणि ते नंतर कधी आलंच नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. रोगप्रतिकारशक्तीचा धडा मला पाठ आहे. पण माझ्याच घरातलं कार्ड उघडून पाहावं, असं मला वाटलं नाही. आजचा लेख त्या कार्डाच्या रिकाम्या रकान्यापायी लिहिते आहे.

एकच शब्द, तीन ठिकाणी

मराठीत एक गंमत आहे. जखमेतून पाण्यासारखा चिकट द्रव येतो, त्याला आपण 'लस' म्हणतो. "खरचटलंय, लस येतेय," असं आई म्हणते. बाळाला टोचतात तीही लस. आणि शरीरात रक्ताशिवाय जो दुसरा द्रव फिरतो, त्याचं पाठ्यपुस्तकातलं नाव लसीका. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही कातडीखालच्या पातळ द्रवासाठी लसीका हा शब्द येतो.

हा निव्वळ योगायोग नाही. एकोणिसाव्या शतकात देवीची लस बाटलीत मिळत नसे. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव सुईच्या टोकावर घेऊन दुसऱ्याच्या दंडात टोचत. इंग्रजीत त्या द्रवाला लिम्फ म्हणत. तीच 'लस' मराठीत राहून गेली. आमच्या घरात, उर्दूत, आम्ही टीका म्हणतो. नाव कोणतंही घ्या, सुईतून आत गेलेली वस्तू पुढे कामाला लागते ती याच लसीकेच्या वाटेवर. ती वाट कशी आहे, ते आधी पाहू.

पंप नसलेली नहर

घाटीतून बाहेर पडलं की पाणचक्की जवळच. लहानपणी अब्बा आम्हाला तिथं न्यायचे. डोंगराकडून जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी यायचं आणि उंच भिंतीवरून हौदात पडायचं. मोटर नाही, इंजिन नाही. त्याच पाण्याच्या जोरावर बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली पिठाची चक्की फिरायची. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरासाठी जमिनीखालून नहर आणली, पुढे अशा आणखी नहरी झाल्या. वरून चालणाऱ्याला पायाखालच्या पाण्याचा पत्ता नसायचा. दिसायचे ते मध्येमध्ये उभे असलेले दगडी बंबे.

आपल्या शरीरातही अशी एक न दिसणारी नहर आहे. रक्त केसाहून बारीक वाहिन्यांतून जातं, तेव्हा त्यातलं पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं बाहेर झिरपतात. पेशींना त्यातूनच अन्न मिळतं. झिरपलेला बराच द्रव पुन्हा रक्तात ओढला जातो, पण सगळा नाही. दिवसाला साधारण दोन ते चार लिटर द्रव मागे उरतो. तो तिथंच साचला असता, तर आपण सगळे सुजून गेलो असतो. हा उरलेला द्रव उचलणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या. त्या एकमेकींना मिळत मोठ्या होतात. त्यांतली सर्वांत मोठी नळी पोटातून छातीत चढते आणि डाव्या बाजूला मानेच्या तळाशी, गळ्याच्या हाडामागे, शिरेला मिळते. तिची लांबी सुमारे चाळीस सेंटिमीटर. रक्तातून निघालेलं पाणी असं रक्तात परत जातं.

रक्ताला हृदय आहे. लसीकेला तसा मधला पंप नाही. नहरीला निदान उताराचा आधार असतो, लसीकेला तर पायापासून मानेपर्यंत वर चढायचं असतं. वाहिन्यांच्या भिंती स्वतः हळूहळू आकसतात. बाकीचा जोर स्नायूंचा आणि श्वासाचा. पोटरी आवळली की द्रव वर ढकलला जातो, आणि आतल्या झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. तासन् तास एका जागी बसलं की पाय जड होतात आणि चाललं की हलके होतात. यात शिरांचा वाटा मोठा, पण लसीकेचाही आहे. तरावीहमध्ये उभं राहणं, वाकणं, बसणं होतं. नमाज कुणी व्यायाम म्हणून पढत नाही, हे खरं. पण पोटरीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. पहाटे सिद्धार्थ उद्यानात फिरणाऱ्याची पोटरी आणि रात्री तरावीहला उभ्या राहणाऱ्याची पोटरी लसीकेला सारखीच उपयोगी पडते.

ही वाट बंद पडली तर काय होतं, ते पाहायला फार लांब जायला नको. आपल्याच राज्यात, विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात हत्तीपाय आढळतो. डासाच्या चाव्यातून शिरलेले बारीक जंत लसीकावाहिन्यांतच घर करतात. वाहिन्या खराब होतात, द्रव साचत जातो आणि पाय खांबासारखा होतो. सरकार तिथं वर्षातून एकदा घरोघर गोळ्या वाटतं, त्या यासाठीच.

रोजा, इफ्तार आणि पांढऱ्या रेषा

लसीकेचा शोध आणि उपवास यांचं एक जुनं नातं आहे. १६२२ साली इटलीतले शल्यवैद्य गास्पारे असेली एका कुत्र्याची चिरफाड करत होते. आतड्याच्या पडद्यावर त्यांना पांढऱ्या रेषांचं जाळं दिसलं. नसा असाव्यात असं आधी वाटलं. एक रेष कापली, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढे त्यांनी दुसऱ्या, उपाशी कुत्र्यावर तेच करून पाहिलं आणि काहीच दिसलं नाही. मग खाऊ घातलेल्या कुत्र्यात पाहिलं, तर रेषा पुन्हा हजर. म्हणजे या वाटा आधीपासून होत्याच, पण जेवणानंतरच नजरेला पडत होत्या. असेलींचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२७ साली छापलं गेलं.

हेच आपल्याकडे रमजानमध्ये रोज घडतं. दिवसभर रोजा असलेल्या माणसाच्या आतड्याकडून येणारी लसीका जवळजवळ पाण्यासारखी असते, फिकट आणि स्वच्छ. मगरिब होते, खजूर होतो, भजी येतात, नंतर दस्तरखानावर नान-खलिया येतो. मग काही वेळातच तीच लसीका दुधाळ होते. साखर आणि प्रथिनं आतड्यातून थेट रक्तात शिरून यकृताकडे जातात. तेला-तुपाची वाट वेगळी. त्याचे बारीक थेंब लसीकेत शिरतात, छातीतून वर चढतात आणि मानेजवळ रक्तात उतरतात. खलियावरच्या लाल तर्रीचा रक्तापर्यंतचा प्रवास असा गळ्याच्या हाडामागून होतो. रक्तातल्या काही चरबी तपासायच्या असल्या, की डॉक्टर उपाशीपोटी बोलावतात, ते याच दुधाळपणामुळे.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. दरवर्षी या महिन्यात निरोप फिरतात, की रोजा ठेवल्यानं इम्युनिटी दुप्पट होते, अमुक काढा घेतला की कोणताही आजार शिवत नाही. रोजा इबादत आहे. त्याला औषधाचं लेबल लावायची गरज नाही. आणि रोगप्रतिकारशक्ती ही चमच्यानं वाढवायची गोष्ट नव्हे. तिला शिकावं लागतं. ती शिकते कुठं, तर नातवाच्या मानेवर हाताला लागली तशा गाठींमध्ये.

गाठींमध्ये भरणारी शाळा

लसीकेच्या वाटेवर ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या लसीकाग्रंथी असतात. अंगभर मिळून पाचशे-सहाशे. मानेत, काखेत, जांघेत त्या दाटीनं असतात, म्हणून तिथं हाताला लागतात. प्रत्येक ग्रंथीकडे ठरलेल्या भागाचं पाणी येतं. डोक्याचं पाणी मानेकडे, हाताचं काखेकडे, पायाचं जांघेकडे. फोड डोक्यात आणि गाठ मानेवर का, याचं उत्तर हेच.

फोडाच्या जागी जंतू शिरले, की आधी तिथल्याच पहारेकरी पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. ती पहिली फळी. तिला जंतूचं नाव-गाव कळत नाही, परका दिसला की झडप घालायची एवढंच ठाऊक. पण तिथल्या काही पेशी वेगळं काम करतात. त्या जंतूचे तुकडे अंगावर घेऊन लसीकेच्या प्रवाहातून जवळच्या ग्रंथीत पोचतात. तिथं लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रांगेनं येत-जात असतात. प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो. एखादा विशिष्ट जंतू ओळखणारी पेशी लाखात एखादीच. म्हणून तर ग्रंथी हव्यात. लाखातली ती एक पेशी आणि तो तुकडा शरीरभर एकमेकांना शोधत फिरत बसले, तर आजार उरकून जाईल. ग्रंथी ही दोघांची भेट घडवणारी जागा आहे.

भेट झाली की ती एक पेशी वाढायला लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा हजारो होतात. ग्रंथी फुगते, दुखते. हेच अवधाण. त्यांतल्या काही पेशी जंतूनं ग्रासलेल्या पेशी मारतात. काही प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतात. ग्रंथीत परीक्षाही चालते. ज्या पेशीची प्रतिपिंडं जंतूला अधिक घट्ट धरतात ती पुढच्या वर्गात जाते, बाकीच्या गळतात. पहिल्या खेपेला हे सगळं व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आजार ओसरला की बहुतेक पेशी मरून जातात, काही मात्र आठवण घेऊन राहतात. तोच जंतू पुन्हा आला, तर त्या दोन-चार दिवसांतच कामाला लागतात. अनेकदा आपल्याला कळतही नाही.

दुसरी एक शाळा छातीच्या मधल्या हाडामागे आहे, थायमस. लहानपणी ती मोठी असते, पौगंडावस्थेनंतर आकसत जाते. तिथं धडा उलटा असतो, आपल्यांना ओळखायचा. जी पेशी आपल्याच शरीरावर हात उचलेल असं दिसतं, तिला तिथंच बाद करतात. थायमसमध्ये शिरलेल्या पेशींपैकी थोड्याच पास होऊन बाहेर पडतात. परक्याला ओळखण्याआधी आपल्यांना ओळखणं, हा शरीराचा क्रम आहे.

लस काय करते, ते आता सोपं झालं. ती जंतूचा मेलेला, दुबळा केलेला नमुना किंवा त्याचा एखादा भाग दंडातून काखेच्या ग्रंथीकडे पाठवते. आजाराशिवाय धडा होतो. २०२१ च्या रमजानमध्ये, दुसऱ्या लाटेच्या त्या भीषण दिवसांत, कोविडची लस घेतल्यावर आपल्यापैकी अनेकांची काख दुखली होती. ते बिघडल्याचं नव्हे, वर्ग भरल्याचं लक्षण होतं. तेव्हा रोज्यात लस घ्यावी का, हा प्रश्न घरोघरी होता. दंडाच्या स्नायूत दिलेली लस हे अन्न नाही, तिनं रोजा तुटत नाही, असं अनेक उलेमांनी तेव्हाच सांगितलं होतं.

बगदादच्या वाटेनं आलेली लस

एकदा देवी येऊन गेल्या की माणसाला त्या पुन्हा येत नाहीत, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. रय शहरचे हकीम अबू बक्र अल-राझी यांनी सुमारे अकराशे वर्षांपूर्वी देवी आणि गोवर यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि दोन्ही आजार वेगळे कसे ओळखायचे ते सांगितलं. देवी पुन्हा का येत नाहीत, याचं कारणही त्यांनी शोधलं. लहानपणीचं रक्त ताज्या द्राक्षरसासारखं असतं, ते एकदा उकळून आंबून मुरलं की पुन्हा तसं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. कारण चुकलं, निरीक्षण अचूक होतं.

देवीची लस हिंदुस्थानात आली तीही बगदादच्या वाटेनं. व्हिएन्नाहून ती बगदादला, तिथून बसराला आणि बसराहून जहाजानं मुंबईला पोचली. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अॅना डस्टहॉल या मुलीला ती टोचली गेली आणि अंगी लागली. तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढच्या मुलांना दिली गेली. देशातलं लसीकरण एका तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावरून सुरू झालं.

पुढचा मोठा प्रसंग प्लेगचा. हा आजार तर थेट लसीकाग्रंथींचाच. पिसू पायाला चावते, जंतू लसीकेतून जांघेच्या गाठीत पोचतो. जिथं त्याला ओळखून मारायचं, तिथंच तो पेशींना चुकवून वाढतो. शाळाच ताब्यात घेतो म्हणा ना. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत प्लेगचं नाव होतं ग्रंथिक सन्निपात, आणि लोकांच्या तोंडी गाठीचा ताप. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात तो पहिल्यांदा ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. पुढच्या वर्षी पुण्यात, मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

त्याच सुमारास मुंबईत वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाहून आलेले ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक मात्र घाबरत होते. सरकारवर विश्वास नव्हता आणि त्याला कारणंही होती. घरांत शिरून झडत्या घेणाऱ्या गोऱ्या सोजिरांचा संताप पुण्यानं पाहिला होता. अशा वेळी खोजा समाजाचे इमाम, तिसरे आगाखान, पुढे आले. ते तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि अनुयायांना घ्यायला लावली. हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी स्वतःची वास्तूही दिली. पुढे परळला प्रयोगशाळा झाली, तीच आजची हाफकिन संस्था. ती लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण तिनं मृत्यू कमी केले. फतवा किंवा हुकूम यांच्यापेक्षा बाही वर केलेला हात लोकांना अधिक पटला.

मराठवाड्याला प्लेगची आठवण याहून जवळची आहे. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस, बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून गाठी आणि तापाचे रुग्ण यायला लागले. आधी पिसवांचा त्रास झाला होता, उंदीर मेले होते. नंतर सप्टेंबरात सुरतेची बातमी आली. आमच्या गल्लीत तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नव्हतं, आणि औषधाच्या दुकानांत टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनात. माझी मुलगी तेव्हा लहान होती. मी रोज रात्री तिच्या काखा चाचपून बघायची. गाठीची भीती माझ्या हातात बसली आहे, ती तेव्हापासूनची.

आठवण पुसणारा आजार

गोवर आपल्याला फार ओळखीचा वाटतो. "सगळ्यांनाच होतो, दाणे येतील, जातील," असं म्हणत आपण वाढलो. पण लसीकेच्या नजरेनं पाहिलं, तर गोवर फार कपटी आहे. त्याचा विषाणू श्वासातून आत येतो आणि फुप्फुसातल्या पहारेकरी पेशींमध्येच शिरतो. निरोप घेऊन ग्रंथीकडे जाणारी पेशी स्वतःच त्याला आत नेते. तिथं तो ज्या पेशींवर हल्ला करतो, त्यांत आठवण जपणाऱ्या पेशीही असतात.

याचा हिशेब २०१९ साली नेदरलँड्समधल्या ७७ मुलांच्या अभ्यासातून पुढे आला. ही मुलं कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती वस्त्यांमधली, धार्मिक कारणानं लस न घेतलेली. लसीला बिचकणारे लोक प्रत्येक धर्मात आहेत, हेही यातून कळतं. गोवर होण्यापूर्वीचं आणि नंतरचं त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. गोवर बरा होतो, पण जाताना बाकीचे धडे पुसून जातो. पुढे महिनोन् महिने, कधी त्याहून अधिक काळ, ते मूल न्यूमोनियाला, जुलाबाला नव्यानं बळी पडू शकतं.

आणि हा पसरतो किती! लस न घेतलेली दहा मुलं रुग्णाच्या संपर्कात आली, तर त्यांपैकी नऊ जणांना तो होऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. नऊ महिन्यांच्या बाळाला दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो, दोन डोसनंतर हा आकडा ९७ टक्क्यांच्या आसपास जातो. वस्तीतल्या ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झाले, तरच साथ थांबते. म्हणजे माझ्या नातवाचा रिकामा रकाना हा आमचा घरगुती मामला नव्हता. शेजारच्या काकूंच्या सहा महिन्यांच्या नातीला अजून लस घेण्याचं वयच झालेलं नाही. तिची ढाल आम्हीच होतो, आणि ती ढाल आम्ही खाली ठेवली होती.

२०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवरची साथ आली. मुलं दगावली. दाटीच्या, गरीब, बहुतांशी मुस्लिम वस्त्या. तेव्हा इमामांनी मशिदींमधून लसीकरणाचं आवाहन केलं, आरोग्य सेविका दारोदार फिरल्या. पण साथ आल्यावरचं आवाहन म्हणजे आग लागल्यावर खोदलेली विहीर. ते काम साथ नसताना, आपल्या घरात, शांतपणे व्हायला हवं.

कोणत्या गाठीकडे दुर्लक्ष नको

अवधाण म्हणून प्रत्येक गाठ सोडून द्यायची का? नाही. जवळपास जखम, फोड, दुखरा दात किंवा घसा असेल, गाठ मऊ, दुखरी, सरकणारी असेल आणि दोन-तीन आठवड्यांत उतरत असेल, तर ती बहुधा कामाची खूण. पण गाठ वाढत गेली, दगडासारखी कडक झाली, एका जागी घट्ट बसली, गळ्याच्या हाडाच्या वर आली, सोबत वजन घटलं, रात्री घाम फुटू लागला किंवा बारीक ताप राहिला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. मानेवर गाठींची माळ होते, तिला आपण गंडमाळ म्हणतो. ती बऱ्याचदा ग्रंथींचा क्षयरोग असते. पूर्ण मुदतीच्या औषधांनी ती बरी होते आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. गाठ लपवून ठेवणं, विशेषतः बायकांनी काखेतली आणि छातीतली गाठ लाजेपोटी लपवणं, यानं होणारं नुकसान मी माझ्या नात्यात पाहिलं आहे.

नातवाचा फोड आठवड्यात सुकला. मानेवरचा हरभरा मुगाएवढा झाला. मग एका सकाळी मी आणि मुलगी त्याला घेऊन मनपाच्या आरोग्य केंद्रात गेलो. सिस्टरनं कार्ड पाहिलं, उशिराबद्दल एक शब्दही बोलली नाही. "ताप येऊ शकतो, घाबरू नका," एवढंच म्हणाली. सुई टोचल्यावर तो जोरात रडला, मुलीचेही डोळे भरले. संध्याकाळी मात्र दस्तरखानावर बसून त्यानं अजानच्या आधीच दोन खजूर संपवले. थोडा ताप आला आणि दुसऱ्या दिवशी उतरला. आवाजी निरोप पाठवणाऱ्या नातेवाइकाला मी फोन केला. भांडले नाही, फक्त लसीनंतर ताप का येतो ते सांगितलं. त्यांच्या घरातही दोन लहान मुलं आहेत.

ईद जवळ येते आहे. मुलांच्या कपड्यांसाठी शहागंजला, सिटी चौकात गर्दी होईल. काकूंच्या घरी गुढीपाडव्याची खरेदी निघेल. दुकानात जाण्याआधी एक काम करा. कपाटातल्या कागदांच्या पिशवीतून मुलांचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि गोवर-रुबेलाच्या ओळीत दोन तारखा आहेत का, ते बघा. एकच असेल, तर दुसरीसाठी उद्याची सकाळ मोकळी ठेवा. सोळा ते चोवीस महिन्यांचं वय उलटून गेलं असलं, तरी पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो. आमच्या कार्डावर आता दोन्ही तारखा आहेत. दुसरी रमजानची आहे.